खाल्लेले जाते कुठे?

दोन माणसांचा डबा एकट्याने संपवणारा आणि तरीही दर महिन्याला कमरेचा पट्टा आवळणारा कामगार सातपूर-अंबडच्या वस्तीत आम्ही पाहिला आहे. लोक क्षयाचा, मधुमेहाचा, शेवटी दारूचा संशय घेतात. पहिल्या दोन शंका तपासाव्यातच. पण गळ्यातल्या थायरॉइडची, म्हणजे अवटू ग्रंथीचीही चौकशी व्हावी. हा रोग बायकांत अधिक, आणि घरात शेवटी जेवणारी बाई वाळली तर कोणाच्या ध्यानात येते?

ही ग्रंथी शरीराच्या भट्टीचा भाता होय. तिचा स्राव फार वाढला की विसाव्यातही इंधन भराभर जळते. हात कापतात, छाती धडधडते, घाम सुटतो. भूक वाढते, पण खर्च त्याहून वाढतो. चरबीबरोबर मांड्यांचे स्नायूही झिजतात. उकिडव्या बसलेल्या माणसाला उठताना हात टेकावा लागतो. हाडांतला चुनाही घटतो. म्हणून नुसता भात वाढवून भागत नाही. डाळ, मटकी, दूध, अंडी हवीत. चहा कमी करावा. (कामगाराला हे सांगणे किती कठीण, ते आम्हीच जाणतो!)

मात्र अन्न हा इलाज नव्हे. रक्ततपासणीनंतर गोळ्या, किरणोत्सर्गी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हेच उपाय. गिरणगावातल्या परळला १९६३ साली निघालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरात अशा आयोडिनाने अनेकांवर उपचार झाले आहेत.

उपचार लागू पडला की खर्च उतरतो, खाण्याची सवय मात्र राहते. वजन परतते, कधी पूर्वीच्याही पुढे जाते. मग काहीजण गोळ्या मनानेच सोडतात. आम्हांला भीती वाटते ती इथे. रोग उलटला तर हृदयाचा ठोकाच बिघडू शकतो. पोळ्या कमी कराव्यात, गोळ्यांचे डॉक्टरांना विचारावे.