हातावरचें न वाचलेलें अक्षर

मराठवाड्यांतील वयोवृद्ध बायकांचे हात पाहिले तर त्यांवर तुळस, मोर, विंचू, कमळ किंवा नुसत्या ठिपक्यांची रांग अशीं हिरवट-निळीं चित्रें अजूनही दिसतात. जालना जिल्ह्यांतील मंठा या तालुक्याच्या गांवींही असे गोंदलेले हात नवलाचे नाहींत. त्याच घरांतील विशीच्या नातवानें आपल्या मनगटावर एखादें चिनी अक्षर गोंदवून घ्यावें, हेंही आतां नवल राहिलेलें नाहीं. आजीला आपल्या विंचवाचा पश्चात्ताप झाल्याचें क्वचितच ऐकूं येतें. नातवाला मात्र आपल्या अक्षराचा होण्याचा संभव बराच असतो. दोघांच्या त्वचेंत शिरलेला काळा रंग जवळजवळ एकाच जातीचा, सुईचें कामही तेंच. मग एकाला पस्तावा कां व दुसरीला कां नाहीं, याचें उत्तर चित्राच्या आणि अक्षराच्या स्वभावांत शोधावें लागतें.

पूर्वीं गोंदणारीण गांवोगांव हिंडत येई. दोनचार सुया एकत्र बांधून, काजळींत बुडवून ती मुलीच्या हातावर टोचीत असे व वर हळद लावी. लग्नापूर्वीं हें व्हावें असा पुष्कळ ठिकाणीं रिवाज होता. सोनेंनाणें येथेंच राहतें, गोंदण तेवढें मेल्यावर बरोबर येतें, अशी समजूत होती. या व्यवहारांतील एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. तुळस कशी असते हें टोचणारीला ठाऊक होतें, टोचून घेणारीला ठाऊक होतें आणि शेजारीं बसून पाहणाऱ्या बायकांनाही ठाऊक होतें. विंचवाची नांगी थोडी वांकडी झाली तरी विंचू विंचूच राही. अक्षरें त्या हातांवर क्वचितच येत. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. दरबारची भाषा उर्दू, शाळा थोड्या, आणि स्त्रियांपर्यंत तर शिक्षण फारच थोडें पोंचलेलें. पुढें शाळा वाढल्या, जत्रेंत विजेवर चालणारें गोंदणयंत्र आलें आणि हातांवर नांवें उमटूं लागलीं. नांवाबरोबर शुद्धलेखन आलें व शुद्धलेखनाबरोबर चूकही आली. मराठींत 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. 'मद' या शब्दावर एक ठिपका पडला कीं त्याचा 'मंद' होतो. तरी असली चूक घरीं पोंचतांच कोणीतरी दाखवून देतो. चिनी अक्षराची चूक दाखविणारें मंठ्यांत कोण भेटणार?

चिनी लिपि ही आपल्या बाराखडीसारखी वर्णमाला नव्हे. तिच्यांतील प्रत्येक अक्षरास एका शब्दावयवाचा उच्चार असतो आणि बहुधा स्वतःचा अर्थही असतो. तें ठराविक रेघांनीं बनतें. या रेघा वरून खालीं व डावीकडून उजवीकडे अशा सामान्य क्रमानें ओढावयाच्या असतात, आणि हा क्रम तेथील मुलांना शाळेंत घोटून घ्यावा लागतो. 'मोठा' या अर्थाचें अक्षर अगदीं सोपें आहे: एक आडवी रेघ, आणि तिला छेदून खालीं दोन पाय फांकलेले, जणूं हात पसरून उभा असलेला माणूस. त्याच्या उजव्या खांद्यावर एक ठिपका दिला कीं त्याच अक्षराचा अर्थ 'कुत्रा' होतो. तोच ठिपका दोन पायांच्या मध्यें खालीं उतरविला तर 'अतिशय'. एक उभी व दोन आडव्या रेघा मिळून 'माती' होते, मात्र त्यांत खालची आडवी रेघ लांब हवी. वरची लांब झाली तर मातीचा 'विद्वान' होतो. अशा लिपींत सुईचा हात एका ज्वारीच्या दाण्याइतका सरकला तरी पुरे.

याशिवाय एक सूक्ष्म भेद आहे. हें लेखन मूळचें कुंचल्याचें. रेघ टेंकतांना जाड, ओढतांना बारीक, संपतांना कोठें आंकडा तर कोठें टोंक, असें तिचें वळण असतें. गोंदणारा ती लिपि जाणत नसेल तर तो अक्षर लिहीत नाहीं, त्याचें चित्र काढतो. त्याचें यंत्र सगळीकडे सारख्याच जाडीची रेघ टोचीत जातें, रेघांचे सांधे सुटतात, आणि अर्थ बरोबर असला तरी जाणत्याला तें पहिलींतल्या मुलानें पाटीवर गिरविल्यासारखें दिसतें. कागदावरचा नमुना उलटा चिकटला तर अक्षर आरशांतल्यासारखें उमटतें, आणि तेंही कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

त्याहून घातक प्रकार नांवाचा. इंग्रजींतील सव्वीस अक्षरांसमोर सव्वीस चिनी आकृति मांडलेले तक्ते गोंदणाऱ्यांकडे हिंडत असतात. त्यांवरून आपल्या नांवाचीं आद्याक्षरें काढून घेणाऱ्याच्या हातावर अर्थहीन खुणा येतात, कारण त्या लिपींत अशी जोडी मुळांतच नाहीं. परकें नांव चिनींत लिहितां येत नाहीं असें मात्र नव्हे. १९३८ सालीं भारतांतून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकांतील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांना तेथें 'क दिहुआ' असें नांव मिळालें. ध्वनीस जुळणारीं अक्षरें निवडून शेवटीं 'चीन' या अर्थाचें 'हुआ' हें अक्षर जोडलेलें होतें, आणि पथकांतील पांचही डॉक्टरांच्या चिनी नांवांचा शेवट त्याच अक्षरानें होत असे. जाणत्यानें विचार करून ठरविलेलें नांव असें असतें.

चुकणारे लोक खेड्यांतलेच असतात असें कोणी समजूं नये. २०१९ मध्यें अमेरिकन गायिका अरियाना ग्रान्दे हिनें 'सात अंगठ्या' या अर्थाचे जपानी शब्द तळहातावर गोंदवून घेतले. जपानी लोक चिनी अक्षरेंही वापरतात. वेदनेमुळें मधलीं अक्षरें वगळलीं गेलीं, आणि उरलेल्या दोन अक्षरांचा अर्थ झाला कोळशाची लहान शेगडी. दुरुस्तीसाठीं 'बोट' या अर्थाचें आणखी एक अक्षर घातलें, तें चुकीच्या जागीं बसलें, आणि शेगडी कायम राहिली.

उलट दिशेचें उदाहरण मराठी वाचकास अधिक गमतीचें वाटेल. इंग्लंडचा फुटबॉलपटु डेव्हिड बेकहॅम यानें २००० सालीं पत्नीचें नांव देवनागरींत डाव्या हातावर गोंदविलें. हिंदी रीतीनें तें 'विक्टोरिया' असें हवें होतें, 'व'ला 'ह' उगाच जोडला गेला, म्हणून तिकडच्या वृत्तपत्रांनीं त्याचें हंसें केलें. परंतु मराठींत तें नांव 'व्हिक्टोरिया' असेंच लिहितात. १९९६ पर्यंत मुंबईचें मोठें स्टेशनही व्हिक्टोरिया टर्मिनसच होतें. हिंदीच्या दृष्टीनें अशुद्ध असलेला तो हात मराठीच्या दृष्टीनें निर्दोष ठरतो. बेकहॅमला हें कोणी सांगितलें असतें तर त्याला तेवढेंच समाधान!

खुद्द चीनमध्यें अंगावर गोंदलेल्या अक्षराकडे फारशा कौतुकानें पाहिलें जात नसे. प्राचीन काळीं तेथील पांच प्रमुख शिक्षांपैकीं अपराध्याच्या चेहऱ्यावर काळी शाई गोंदणें ही एक होती. हान घराण्याच्या वेन सम्राटानें इ. स. पूर्व १६७ मध्यें ती रद्द केली, पण पुढील राजवटींत ती पुन्हा आली. हिंदुस्थानांतही इंग्रजी अमलांत बंगालमध्यें कैद्यांच्या कपाळावर अपराध गोंदीत असत, आणि तो प्रकार १८४९ मध्यें बंद झाला.

आतां पस्तावा झाल्यावर उपाय कोणता? त्यासाठीं शाई कोठें असते तें पाहिलें पाहिजे. त्वचेचा वरचा थर सतत झिजतो व नवा होतो. सुई त्याच्या खालच्या थरांत शिरते. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यानें १८९१ मध्यें एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून गोंदणयंत्र बनवून त्याचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून ती फार जलद शिरूं लागली एवढाच फरक. तेथें शरीराच्या भक्षक पेशी रंगाचे कण गिळून बसतात. २०१८ मध्यें फ्रान्समधील संशोधकांनीं उंदरांवरील प्रयोगांत दाखविलें कीं, अशी पेशी मेली म्हणजे तिचे कण सुटतात आणि लगेच दुसरी पेशी ते उचलते. पहारेकरी बदलतात, कैदी तेथेंच राहतो. म्हणून घासून, चुना लावून किंवा डाग देऊन अक्षर जात नाहीं. व्रण तेवढा वाढतो.

खरा उपाय लेसर किरणांचा. १९८३ मध्यें अँडरसन व पॅरिश या अमेरिकन संशोधकांनीं त्याचें तत्त्व मांडलें: योग्य रंगाचा प्रकाश अत्यल्प क्षण सोडला तर तो रंगाच्या कणांनाच तापवितो. ते फुटून बारीक होतात व शरीर ते हळूहळू वाहून नेतें. काळी शाई लवकर जाते. हिरवी व पिवळी चिवट असते. सांवळ्या त्वचेंत स्वतःचाच रंग अधिक असल्यानें तीवर पांढरे वा काळे डाग पडण्याचें भय असतें, म्हणून आपल्याकडे बहुधा १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वापरतात. एका बैठकींत काम होत नाहीं. बैठका अनेक लागतात, दोन बैठकांत साधारण सहा ते आठ आठवडे जावे लागतात, आणि प्रत्येक वेळीं पैसे मोजावे लागतात.

हा कालावधि पुष्कळांना परवडत नाहीं, कारण मराठवाड्यांतील तरुणाच्या मनांत सैन्याची किंवा पोलीस दलाची भरती असते. सैन्याच्या नियमांप्रमाणें कायमचें गोंदण कोपरापासून मनगटापर्यंतच्या आंतल्या बाजूस व पंजाच्या मागील बाजूसच चालतें. आदिवासी उमेदवारांना रूढीप्रमाणें सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत नियम आणखी कडक: सलाम उजव्या हातानें करावयाचा, म्हणून गोंदण डाव्या हाताच्या आंतल्या बाजूस किंवा पंजाच्या पाठीवर, त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून लहान, आणि धार्मिक चिन्ह वा नांव अशा स्वरूपाचें असावें लागतें. दंडाच्या बाहेरच्या बाजूस मोठें चिनी अक्षर असलेल्या मुलाला जाहिरात निघाल्यावर जाग आली तर उशीर झालेला असतो. ज्याला भरतीची घाई नाहीं तो कधीं कधीं त्या अक्षरावर दुसरें दाट चित्र काढून घेतो. जुनी काळी रेघ झांकण्यास मोराचें पीस बरें पडतें. लेसरच्या बैठकी घेणाऱ्यानें मात्र तो भाग उन्हापासून झांकून ठेवावा लागतो, आणि कापूस वेंचणीच्या दिवसांत शेतावर राबणाऱ्याला तें जपणें कठीणच जातें.