दमा छातीत, सूज पायावर

दमा वीस वर्षांचा, घोट्यांवर सूज मात्र नवी. आणि डॉक्टर सांगतात, हृदयाची टूडी इको करून या. छातीचा आजार हृदयाकडे कसा वळला, हा प्रश्न दमेकऱ्याच्या घरात पडतोच. त्याचं उत्तर 1946 साली स्वीडनमधून प्रसिद्ध झालेल्या, मांजरांवरच्या एका प्रयोगात आहे.

उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिलिएस्ट्रँड यांनी मांजरांना कमी ऑक्सिजनची हवा दिली आणि फुप्फुसाच्या धमनीतला दाब मोजला. ऑक्सिजन घटला की शरीरात इतरत्र रक्तवाहिन्या सैलावतात. फुप्फुसात नेमकं उलटं घडलं. वाहिन्या आवळल्या, दाब चढला.

यातलं शहाणपण पाटाला दारं धरणाऱ्या शेतकऱ्याला लगेच कळेल. ज्या वाफ्याला पाणी देऊन उपयोग नाही, त्याचं दार तो मातीने बुजवतो आणि पाणी पुढच्या वाफ्याला वळवतो. फुप्फुसही हवा न पोचणाऱ्या कोपऱ्याचं रक्त हवेशीर भागाकडे वळवतं, तेही मेंदूला न विचारता! निर्णय त्या वाहिनीच्या भिंतीतच होतो. मात्र बरीचशी दारं एकदम बुजली, तर पाणी पाटातच तुंबतं आणि बांध फोडू पाहतं.

फॉन ऑयलर यांना 1970 चं नोबेल मिळालं ते नॉरअ‍ॅड्रिनॅलिनवरच्या कामासाठी. लिलिएस्ट्रँड तर चार दशकं वैद्यकाच्या नोबेल समितीचे सचिव होते. इतरांच्या शोधांची छाननी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माझ्या लेखी, या दोघांचा हा शोध कुठल्याही नोबेलच्या तोडीचा आहे.

आता हृदयाकडे येऊ. फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब पाऱ्याच्या 15 मिलिमीटरच्या आसपास असतो, शरीराच्या मुख्य धमनीत 90 च्या पुढे. म्हणून शरीराकडे रक्त ढकलणाऱ्या डाव्या कप्प्याची भिंत साधारण 10 मिलिमीटर जाड, तर फुप्फुसाकडे ढकलणाऱ्या उजव्याची जेमतेम 3 ते 4. ऑक्सिजन वर्षानुवर्षं कमी राहिला, तर आवळलेल्या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, हा पातळ कप्पा चढ्या दाबाशी झुंजून फुगतो आणि शेवटी थकतो. मागे तुंबलेलं रक्त गळ्याच्या शिरा फुगवतं, यकृत सुजवतं, घोट्यांत पाणी साठवतं.

घाबरून जाऊ नये. धूम्रपानाने झिजलेल्या फुप्फुसांत हे जास्त दिसतं. दम्यात अरुंद झालेल्या नळ्या पुन्हा मोकळ्या होतात, त्यामुळे बहुतेकांवर ही वेळ येत नाही. घोट्यांच्या सुजेला इतरही कारणं असतात; टूडी इको त्यातला फरक सांगते. धोका आहे तो वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिलेल्या तीव्र दम्यात. आतली सूज शमली नाही, तर नळ्यांच्या भिंती जाड होतात आणि अरुंदपणा कायमचा होऊन बसतो.

तात्काळ आराम देणारा पंप ही सूज उतरवत नाही. ते काम रोजच्या स्टेरॉइडच्या पंपाचं. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीपायी तो टाकून गोळ्यांवर दिवस काढणारे पाहिले की जीव तुटतो. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतली मिलिग्रॅममध्ये. बरं वाटतंय म्हणून तो पंप परस्पर बंद करू नका. बरं वाटतंय ते बहुधा त्याच्यामुळेच.