ई-मेलचा ढीग आणि आपला धंदा

वाशीच्या बाजार समितीत कांदा-बटाटा, फळे, भाजीपाला, मसाला आणि धान्य यांचे बाजार वेगवेगळे आहेत. सगळा माल एकाच ओट्यावर ओतला तर सौदा होणार नाही. आपल्या ई-मेलच्या पेटीत मात्र आपण तसेच होऊ देतो. जाहिराती, बँकेची पत्रे, ग्राहकांच्या ऑर्डरी आणि सरकारी नोटिसा एकाच ढिगात पडतात. ढीग पाहूनच मन दडपते आणि पेटी उघडणे लांबते.

यात धोका आहे. जीएसटी कायदा, 2017 च्या कलम 169 नुसार नोंदणीच्या ई-मेल पत्त्यावर पाठवलेली नोटीसही बजावलेली समजली जाते. नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस आली तर 7 कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपण पत्र वाचले नाही म्हणून मुदत थांबत नाही.

म्हणून प्रथम जीएसटी नोंदणीत पत्ता आपला आहे की कर सल्लागाराचा, हे पाहावे. नंतर कर, बँक, ग्राहक आणि इतर असे चार कप्पे करावेत. एकदा फिल्टर लावला की पत्रे आपोआप त्यांत जातात. ओळखीच्या कंपन्यांच्या नको असलेल्या जाहिराती बंद कराव्यात. जीमेलची मोफत जागा फोटोंनीही भरते, आणि ती भरली की नवी पत्रे परत जातात.

दुकान उघडताना आणि हिशेब मिटवताना, अशी दोनदाच पेटी पाहावी; कराचा कप्पा आधी. पेटी रिकामी झाली नाही तरी चालेल, मुदतीचे पत्र सुटता कामा नये.