पाकोळीचे घरटे

वाचकहो, रविवारी मुलांना घेऊन पाखरे पाहायला निघावे आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे, यासारखी बिनखर्ची सहल नाही. सकाळी लवकर निवतीच्या किल्ल्यावर चढा. थंडीच्या दिवसांत खाली पुळणीवर उत्तरेकडून आलेले कुरव बसलेले दिसतील. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुडही एखादे वेळी घिरट्या घालताना आढळेल.

हवा स्वच्छ असेल, तर दूर समुद्रात काही खडक दिसतात. हेच ते वेंगुर्ला रॉक्स. तिथल्या गुहांत पाकोळी घरटे करते. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ साली तिच्यावर लेख लिहिला होता. ही पाकोळी मोठी नवलाची, बरं का! मिट्ट काळोखात ती टकटक आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधते. घरटे बांधते तेही स्वतःच्या लाळेने, कातळाला चिकटवून.

पण हीच लाळ तिच्या जिवावर उठली आहे. परदेशात या घरट्यांचे सूप करतात, म्हणून चोरटे ती खरवडून नेतात. त्यात अंडी-पिल्ले हकनाक जातात. कायद्याने हा गुन्हाच आहे. पण भर समुद्रात रोज पहारा कोण देणार?

तेव्हा गुरुजी, मुलांना एवढे शिकवा: घरट्याजवळ जायचे नाही, दुरूनच पाहायचे, आणि पाखरू, जागा, तारीख वहीत टिपायची. खडकांकडे संशयास्पद होडी जाताना दिसली, तर वनखात्याला कळवायचे. किनाऱ्यावरचे जागते डोळे हाच पाकोळीचा खरा पहारा.