दुखणे गेले, धास्ती राहिली



कर्करोगावर आपण आजवर पुष्कळ ऐकले आहे. गाठ कशी ओळखावी, कुठे दाखवावी, उपचार कोणते, यावर भाषणे होतात, दवाखान्याच्या भिंतीवर तक्तेही लागतात. पण उपचार संपवून बाई घरी आली, म्हणजे पुढे तिचे काय होते, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रियांच्या त्या पुढच्या दिवसांबद्दल आज बोलावयाचे आहे. मी डॉक्टर नाही, कॉलेजात शिकवणारा माणूस आहे. जाणकारांनी जे पारखून ठेवले आहे ते साध्या भाषेत तुमच्यापुढे मांडावे, एवढेच माझे काम.

आपल्या नांदेड-लातूरकडच्या बायका या रोगासाठी कुठे कुठे जातात पाहा. कोणी लातूरच्या विवेकानंद रुग्णालयात, कोणी बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात, कोणी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, कोणी हैदराबादला, तर कोणी थेट मुंबईला टाटा रुग्णालयात. टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. बार्शीला १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कर्करोग्यांची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. ग्रामीण भागासाठी देशात सुरू झालेली ती पहिलीच नोंद. पूर्वी हा रोग म्हणजे शेवटच, अशी समजूत होती. आता रोग लवकर सापडून उपचार पुरे झालेल्या कितीतरी बायका पुढे वर्षानुवर्षे आपला संसार करतात. म्हणूनच हा नवा प्रश्न आपल्यापुढे आला आहे.

प्रश्न कोणता? ऑपरेशन झाले, केमो झाली, शेक घेऊन झाला. बाई घरी आली. नातलग भेटून गेले, “सुटलीस बाई एकदाची” असे म्हणून गेले. मग सुगीच्या दिवसांत घरात सर्दी-पडसे येते. सगळ्यांचे आठ दिवसांत जाते. हिचा खोकला मात्र रेंगाळतो. दिवसा कामात काही वाटत नाही. रात्री दिवा मालवला की मनात येते, “आता छातीत तर गेलं नसेल?” कंबर दुखली तर वाटते हाडात गेले. डोके दुखले तर वाटते डोक्यात गेले. आणि हे बोलायचे कोणाजवळ? नवऱ्याने आधीच कर्ज काढलेले, मुलांच्या परीक्षा तोंडावर. बाई गप्प राहते आणि आतल्या आत झुरते.

अशा बाईला कोणी भित्री म्हणू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर कितीतरी दिवस तिकडची माणसे घरात झोपायला धजत नव्हती. मालमोटार गेली, भांडे पडले, तरी दचकून बाहेर येत. ती माणसे काही भेकड नव्हती. ज्या जमिनीवर डोळे मिटून विश्वास टाकला, तिनेच एकदा दगा दिला होता. कर्करोग झालेल्या बाईचे आपल्या शरीराबाबत तसेच होते. काही दुखत नसताना तिच्या अंगात गाठ वाढली होती. आता कुठे जरा दुखले, तरी मन दचकून उठते.

शिवाय भीतीची एक खोड आहे. ज्या जागेकडे मन लावावे ती जागा अधिक दुखते. विंचवाची गोष्ट निघाली की पाय झटकावासा वाटतो, तसेच हे. बाई दिवसातून दहा वेळा काख चाचपते. चाचपून चाचपून ती जागा हुळहुळी होते. मग वाटते, काल नव्हते, आज दुखते आहे. काळजीने छाती धडधडते, झोप उडते, भूक मरते, आणि हीच पुन्हा रोगाची लक्षणे वाटू लागतात. कोणी “काही नाही” म्हटले की तासभर बरे वाटते, पुन्हा शंका उभी. भीतीला जितके खायला घालावे तितकी तिची भूक वाढते.

मग हे दुखणे खोटे असते का? मुळीच नाही. उपचारांनी रोग मारला, तरी शरीरालाही झीज सोसावी लागलेली असते. थकवा कित्येक महिने राहू शकतो. केमोच्या काही औषधांनी हातापायांना मुंग्या येतात, त्या हळूहळू कमी होतात. ऑपरेशनच्या जागी ओढ, बधिरपणा, मधूनच चमक येते. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. काहींना पाच ते दहा वर्षे गोळ्या घ्याव्या लागतात. त्यातल्या टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा निघाल्यासारखे वाटते, लेट्रोझोलने सांधे धरतात. सांधे दुखतात म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणाऱ्या बायका असतात. तसे करू नका. ती गोळी रोग परत येऊ नये म्हणूनच दिलेली असते. त्रास डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतो.

दुसरे असे की, कर्करोग झालेल्या बाईलाही चारचौघांसारखी साधी दुखणी होतात. सोयाबीनच्या मळणीची धूळ तिच्याही छातीत जाते. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ आली, तेव्हा धडधाकट माणसांचेही सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले. आणि रेंगाळणाऱ्या खोकल्याचे आपल्याकडचे एक मोठे कारण म्हणजे क्षय. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते आणि क्षय औषधाने बरा होतो.

आता कोणते दुखणे अंगावर काढायचे आणि कोणते दाखवायचे? त्यासाठी एक सोपी रीत लक्षात ठेवा. नव्या साध्या दुखण्याला पंधरा दिवसांची मुदत द्यावी. ते कमी होत गेले तर सोडून द्यावे. तसेच राहिले, वाढत गेले, रात्री झोपू देईना, किंवा कारण नसता वजन उतरू लागले, तर डॉक्टरांकडे जावे. व्रणावर, काखेत, गळ्याजवळ किंवा दुसऱ्या स्तनात गाठ लागली, किंवा पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त गेले, तर पंधरा दिवसही थांबू नये.

काही गोष्टींना तर एका दिवसाचीही मुदत नाही: धाप लागणे, खोकल्यातून रक्त पडणे, डोळे पिवळे होणे, झटके येणे, उलट्यांसह जोराचे डोके दुखणे, पाठदुखीबरोबर पायातली ताकद जाणे किंवा लघवी अडणे, एकच पाय अचानक सुजणे, हात लाल-गरम होऊन ताप येणे, आणि केमो चालू असताना येणारा कोणताही ताप. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

यावर कोणी म्हणेल, “एवढं कशाला? दर महिन्याला सगळ्या तपासण्या केल्या म्हणजे झालं!” हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याची परीक्षा झालेली आहे. इटलीमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या अडीच हजारांहून अधिक स्त्रियांवर दोन अभ्यास झाले. त्यांचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. काही स्त्रियांना डॉक्टरांनी नेमाने हाताने तपासले आणि ठरल्या वेळी स्तनांचा एक्स-रे, म्हणजे मॅमोग्राफी, केली. दुसऱ्या गटात याशिवाय छातीचे एक्स-रे, हाडांचे स्कॅन अशा तपासण्या पुन्हा पुन्हा केल्या. दोन्ही गटांच्या आयुष्यात फरक पडला नाही. म्हणून आज, त्रास नसताना सगळ्या अंगाचे स्कॅन करत बसू नये, असाच तज्ज्ञांचा सल्ला असतो. स्कॅनमध्ये एखादा निरुपद्रवी ठिपका दिसतो, त्यासाठी आणखी तपासणी, आणखी खर्च, आणखी जागरण. ठरल्या तारखेची तपासणी मात्र चुकवू नये. सुरुवातीची वर्षे ती काही महिन्यांनी असते, पुढे वर्षातून एकदा होते.

तपासणीची तारीख जवळ आली की भीती वाढते, हेही ओळखून असावे. तिच्यासाठी एक वही करा. त्रास कधी सुरू झाला, वाढला की कमी झाला, हे रोज एका ओळीत लिहा. वहीत उतरलेली शंका डोक्यात कमी घोळते आणि डॉक्टरांपुढे काही विसरतही नाही. काळजीसाठी दिवसातली एक वेळ ठरवा, समजा दिवेलागणीपूर्वीची पंधरा मिनिटे. इतर वेळी शंका आली तर तिला सांगा, “आता नाही, संध्याकाळी ये.” ऐकायला हसू येईल, पण सवयीने जमते. गाठ पाहायची ती महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी. दिवसातून दहादा नव्हे. रोज झेपेल तितके चालावे. त्याने थकवा वाढत नाही, उलट कमी होतो. भजन, बचत गट, शेतावरची फेरी, जे आवडते ते पुन्हा धरावे. “आधी बरी होऊ दे, मग जगेन” असे म्हणत बसू नये.

एवढे करूनही झोप येईना, कामात लक्ष लागेना, असे आठवडेच्या आठवडे चालले, तर तो स्वभावाचा दोष नव्हे, उपचाराचा विषय आहे. ऑस्ट्रेलियात दोनशेवर रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जाणकार माणसाशी ठरवून झालेल्या पाच बैठकींनी ही भीती पुष्कळ उतरल्याचे दिसले. आपल्याकडे विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. प्रवास जमत नसेल तर १४४१६ हा सरकारचा ‘टेली-मानस’चा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. त्यावर मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. मानसोपचाराच्या डॉक्टरकडे गेले म्हणजे वेड लागले, ही समजूत आता टाकून द्यायला हवी.

घरच्यांनाही दोन शब्द. “उगीच विचार करू नकोस” असे म्हणून विचार थांबत नाही. फक्त बाई बोलायची थांबते. त्यापेक्षा विचारा, “कशाची भीती वाटतेय? चल, वहीत लिहू.” तपासणीला नवऱ्याने किंवा मुलाने बरोबर जावे. हा रोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. तिचे भांडे वेगळे ठेवू नका. मागच्या जन्मीचे पाप, कोणाची करणी, असले तर कानावरही घालू नका.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, गावात कागद वाचता येणारे म्हणून लोक तुमच्याकडेच येतात. दवाखान्याचे कार्ड वाचून पुढची तारीख सांगणे, वही आखून देणे, आशाताईंना निरोप देणे, हे तुमच्या हातचे आहे. तुमच्या वर्गात अशा घरातले एखादे मूल असेल. ते एकाएकी अबोल झाले तर त्याची घरची भीती समजून घ्या.

रोग कधीच परत येणार नाही, अशी हमी कोणी डॉक्टर देत नाही, आणि मीही देणार नाही. काहींना तो परत होतो. तेव्हाही उपचार असतात, आणि त्रास वेळेवर सांगितलेला असला तर ते लवकर सुरू होतात. पण जो आलेला नाही त्याच्या वाटेकडे डोळे लावून हातातले दिवस घालवू नयेत. जे दाखवायचे ते वेळेवर दाखवावे, आणि मधले दिवस आपले म्हणून जगावेत. वही उद्याच आणा. पहिल्या पानावर पुढच्या तपासणीची तारीख लिहा, आणि तिच्याखाली त्या तारखेपर्यंत घरात, शेतात काय काय करायचे आहे तेही लिहा.