पासिंग कारखान्यातच होते
वाहन आणि कायदा : लेखांक ९

गेल्या आठवड्यात पंधरा वर्षे झालेल्या दुचाकीच्या नोंदणीचे नूतनीकरण पाहिले. या आठवड्याचा प्रश्न दुसऱ्या टोकाचा आहे. जिची नोंदणी कधी झालीच नाही, जी मुळात मातीतल्या शर्यतीसाठी बनवली गेली, अशी मोटारसायकल विकत घेऊन तिला जळगावचा एमएच १९ किंवा धुळ्याचा एमएच १८ नंबर मिळवता येतो का? हा प्रश्न केवळ हौशी पोरांचा नाही. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत, आणि तिकडे चाळीसगावच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगरालगत, शेताकडे जाणाऱ्या कितीतरी वाटा पावसाळ्यात काळ्या चिखलाच्या होतात. अशा वाटेवर साधी शंभर सीसीची गाडी रुतून बसते. उंच, हलकी, खोल खाचांच्या टायरांची गाडी हवीशी वाटण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते अशी गाडी गळ्यात मारताना दिले जाणारे आश्वासन : "आत्ता घेऊन जा, पासिंगचं नंतर बघू." माझे म्हणणे असे की हे नंतरचे पासिंग अस्तित्वातच नाही. गाडी रस्त्याची की रानाची, हे ती कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच ठरलेले असते. आरटीओच्या खिडकीवर ते बदलत नाही, आणि सहजासहजी बदलू नये यालाही भक्कम कारण आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे प्रत्येक उत्पादकाला आपल्या मॉडेलचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडे चाचणीसाठी द्यावा लागतो. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यांतल्या ओळखीच्या संस्था. तिथे ब्रेक, दिवे, आवाज, धूर, आरसे, हॉर्न असे सगळे तपासले जाते आणि त्या मॉडेलला मान्यता मिळते. त्यानंतर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीसोबत उत्पादक नमुना २२ देतो, म्हणजे ही गाडी कायद्याच्या कसोट्यांत बसते असे लेखी प्रमाणपत्र. विक्रेता नमुना २१ देतो, खरेदीदार नमुना २० मध्ये अर्ज करतो, आणि 'वाहन' प्रणालीत आधीच नोंदलेल्या मॉडेलच्या माहितीशी चासी क्रमांक जुळला की नंबर पडतो. जळगाव किंवा धुळ्याच्या कार्यालयातला मोटार वाहन निरीक्षक धुराची प्रयोगशाळा घेऊन बसलेला नसतो. तो पुण्याच्या किंवा अहिल्यानगरच्या चाचणीवर विसंबतो. ज्या मॉडेलची चाचणीच झाली नाही, त्याचा नमुना २२ नाही. नमुना २२ नाही, तर पुढच्या कागदांना आधार नाही. साहेब चांगला असो की कडक, त्याच्या हातात देण्यासारखे काही उरत नाही.

इथे नेहमीचा युक्तिवाद येतो : हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, स्पीडोमीटर, हॉर्न बसवून घेतले की झाले, मग उरले काय? कावासाकीची केएक्स किंवा ट्रायम्फची टीएफ २५०-एक्स यांसारख्या शर्यतीच्या गाड्यांवर या वस्तू नसतात, त्यामुळे फरक एवढाच आहे असे डोळ्यांना वाटते. खरा फरक डोळ्यांना दिसत नाही. १ एप्रिल २०२० पासून रस्त्यावरच्या नव्या गाडीला बीएस-६ ची धुराची मर्यादा पाळावी लागते. शर्यतीचे इंजिन त्या मर्यादेसाठी बांधलेलेच नसते. मोटोक्रॉसच्या अनेक टायरांच्या बाजूवर एनएचएस अशी अक्षरे कोरलेली असतात, म्हणजे हमरस्त्याच्या वापरासाठी नाही असे बनवणाऱ्यानेच सांगितलेले असते. बाजारातून आणलेला दिवा किती उजेड पाडतो आणि समोरच्याचे डोळे दिपवतो की नाही, हेसुद्धा गॅरेजमध्ये ठरत नाही.

या मुद्द्याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्याच देशातल्या एका गाडीत आहे. हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ पासून रस्त्यावर आहे. तिला जास्त उंच आणि लांब चालीचे सस्पेन्शन देणारे रॅली किट कंपनीने पुढे वेगळे विकायला काढले. मग २०२३ मध्ये एक्सपल्स २०० ४व्ही प्रो आली. लांब सस्पेन्शन, २७० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, ८९१ मिलिमीटर उंचीचे सीट, हे सगळे कारखान्यातूनच बसवलेले, आणि गाडीला साध्या दुचाकीसारखा नंबर मिळतो. अशा प्रकारचे सुटे भाग मालकाने स्वतः बसवले की मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ समोर उभे राहते. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, असे हे कलम सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र यांच्या प्रकरणात ते स्पष्ट शब्दांत उचलून धरले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भाग तसेच असले तरी त्यांच्यासह संपूर्ण गाडीची चाचणी कोणी केली आणि जबाबदारी कोणी घेतली, हा कायद्याचा प्रश्न आहे. केटीएमची ३९० एन्ड्युरो आर आणि कावासाकीची केएलएक्स २३० याच मार्गाने, नंबरसह, भारतात आल्या. ज्याला खरोखर रानवाट तुडवायची आहे त्याला आज कायदेशीर पर्याय आहेत, हे दहा वर्षांपूर्वी इतक्या ठामपणे म्हणता आले नसते.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो मला अधिक वजनाचा वाटतो. मी हमरस्त्यावर जातच नाही, घरून वावरात आणि वावरातून घरी, मग नंबर कशाला? कलम ३९ ची भाषा इथे नीट वाचायला हवी. नोंदणीशिवाय मोटार वाहन 'सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी' चालवू नये, असे ते सांगते. सुटका आहे ती व्याख्येत : फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेले विशेष प्रकारचे वाहन कायद्याच्या अर्थाने मोटार वाहन ठरत नाही. शर्यतीचा ट्रॅक या व्याख्येत बसतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी संकुलात सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, तिथे धावलेल्या गाड्यांना नंबरची गरज नव्हती. पण खान्देशातले वावर बंदिस्त आवार आहे का? केळीच्या बागेला एखादे वेळी कुंपण असेल, कपाशीच्या शेताला बहुधा नसते, आणि घरापासून तिथवर जाणारी पाणंद किंवा शिवरस्ता तर गावाच्या वहिवाटीचाच असतो. लोकांना जाण्याचा हक्क आहे ती जागा सार्वजनिक, अशी कायद्याची व्याख्या आहे. डांबर असण्या-नसण्याचा तिथे संबंध नाही. आम्ही फक्त खाणीत चालवतो, हे म्हणणे डंपरच्या मालकांनीही मांडून पाहिले होते. १९९२ मध्ये सेंट्रल कोलफील्ड्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही : हवेच्या टायरांवर चालणारा डंपर रस्त्यावर चालण्याजोगा आहे, म्हणून तो मोटार वाहनच. टनावारी वजनाचा डंपर सुटला नाही, तर शंभर किलोची मोटारसायकल सुटेल अशी आशा करणे धोक्याचे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत रागाने मांडला जातो. धूर ओकणाऱ्या, ब्रेक न लागणाऱ्या जुन्या गाड्या नंबर लावून फिरतात आणि आमची नवीकोरी गाडी बेकायदा, हा कुठला न्याय? जुन्या गाड्यांबद्दलची तक्रार खरी आहे आणि तिचे उत्तर कडक तपासणी हेच आहे. पण नंबर हा चालवणाऱ्याला दिलेला मान नव्हे. तो त्या माणसासाठी आहे ज्याला ही गाडी धडकणार आहे. नोंदणी नसेल तर विमा टिकत नाही. नरिंदर सिंग यांच्या प्रकरणात, २०१४ मध्ये, तात्पुरती नोंदणी संपून काही आठवडेच झाले होते, तरी सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीविना गाडी रस्त्यावर आणणे हा विम्याच्या कराराचा मूलभूत भंग मानला आणि मालकाला गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळाली नाही. धडक बसलेल्या तिऱ्हाइताची अवस्था आणखी वाईट. विमा नाही म्हणजे त्याच्या उपचाराचा आणि कुटुंबाच्या पोटाचा खर्च गाडीमालकाच्या ऐपतीवर लटकतो. आणि बिननंबरची गाडी अंधारात निघून गेली तर मालक सापडणारच कसा? मग उरते ती 'हिट अँड रन'ची सरकारी भरपाई : मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. पारोळा-एरंडोलच्या पट्ट्यात हमरस्त्याच्या कडेने पायी जाणाऱ्या मजुराच्या बाजूने हा कायदा वाचला, तर तो जाचक वाटत नाही. त्यापुढे कलम १९२ चा पहिल्या वेळचा पाच हजारांपर्यंतचा दंड किरकोळच आहे.

तरीही व्यवस्थेत एक उणीव आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. ब्रिटनमध्ये एकट्या मोटारसायकलची चाचणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची सोय आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांत ठरलेली उपकरणे बसवून, तपासणी करून घेऊन मातीच्या गाडीला नंबर मिळतो. आपल्याकडे मालकाने सुधारलेल्या एका गाडीसाठी असा सरळ मार्ग नाही. तो अशक्य मात्र नाही. सीएनजीचे आणि विजेवर चालवण्याचे किट आधी चाचणी संस्थेकडून मंजूर होते, मग मान्य केंद्रात बसवले जाते आणि आरटीओ त्याची नोंद आरसी पुस्तकात करते, हे आपण रोज पाहतो. रॅली किटसाठीही नोंदलेल्या गाड्यांपुरता हाच मार्ग खुला करता येईल. चाचणीची सोय दूर आहे असेही नाही : धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा ओलांडून गेले की मध्य प्रदेशात पिथमपूरला नॅट्रॅक्सचे चाचणी केंद्र आहे. उत्पादकाने मनावर घेतले तर वाट कशी निघते, हे पोलारिसने दाखवले आहे. चारचाकी एटीव्हीला आपल्याकडे रस्त्यावर जागा नव्हती. कंपनीने २०२० मध्ये स्पोर्ट्समन ५७० हे मॉडेल शेतीचा ट्रॅक्टर म्हणून चाचणीला उतरवले आणि त्याला रस्त्यावर चालण्याची मान्यता मिळवली. शेतकऱ्यांच्या संघटनांनी दुचाकी कंपन्यांकडे आणि केंद्रीय परिवहन मंत्रालयाकडे मागायचे असेल, तर हे मागावे. आरटीओच्या दारात एजंटला पैसे चारून ते मिळणार नाही.

एजंटांकडे यावर एक 'तोडगा' असतो : भंगारात गेलेल्या गाडीचे आरसी पुस्तक घ्यायचे आणि तिचा नंबर या गाडीला लावायचा. चासी क्रमांक जुळवायला खाडाखोड केली की तो वाहतुकीचा नियमभंग राहत नाही, बनावटगिरीचा फौजदारी गुन्हा होतो, आणि गाडी पुढे ज्याला विकली जाईल तोही त्यात ओढला जातो. ज्याच्याकडे शर्यतीची गाडी आहे त्याने ती टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यावी. यावल अभयारण्य किंवा पाटणादेवीचे जंगल हा ट्रॅक नव्हे; तिथे परवानगीशिवाय शिरणे हा वन्यजीव कायद्याखालचा वेगळा गुन्हा आहे.

नवी गाडी घेणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे : बयाणा देण्याआधी नमुना २२ ची प्रत मागा. तात्पुरती का होईना, नोंदणी झाल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही, हे नियम ४२ विक्रेत्यालाच बजावतो. ही गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी आहे असे तो बिलावर लिहून देत नसेल, तर पैसे खिशातच ठेवा.