नवी गिटार, अर्धं राहिलेलं काम

नवी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हटलं की चर्चा लाकडापासून सुरू होते. बॉडी महोगनीची की ऑल्डरची, फिंगरबोर्ड शिसवीचा की मेपलचा, पिकअप कोणते, गिटार अमेरिकेत बनली की इंडोनेशियात. जाहिरातीत छापलेलं असतं तेही एवढंच. पण गिटार घरी आल्यावर ज्या तक्रारी सुरू होतात त्यांचा या यादीशी फारसा संबंध नसतो. तार झणझणते, एफ कॉर्ड काही केल्या वाजत नाही, सुरात लावलेली तार दोन गाण्यांत उतरते, नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं बोचतात. यातल्या एकाही तक्रारीचं मूळ लाकडाच्या जातीत नाही. माझं ठाम मत असं आहे की नव्या गिटारचा दर्जा शेवटच्या हातकामावर ठरतो. तारा चढवण्याच्या आधी नि नंतर कुणीतरी कानस घेऊन शांतपणे करायचं हे काम असतं, आणि खर्च आवरायची वेळ आली की कारखान्यात पहिली कात्री त्यालाच लागते. ते छापील यादीत दिसत नाही, म्हणून गिऱ्हाईक ते विचारत नाही आणि म्हणूनच ते राहून जातं.

एक वर्गवारी आधी करून ठेवायला हवी, नाहीतर सगळ्याच तक्रारींना एकच माप लागतं. पहिल्या गटात नुसती जुळवणी येते: तारांची उंची, इंटोनेशन, नेकच्या आतल्या ट्रस रॉडचा ताण. या गोष्टी फिरवता याव्यात म्हणूनच स्क्रू दिलेले असतात. त्या तुमच्या हाताला जुळलेल्या नसतील तर तो दोष नव्हे. दुसऱ्या टोकाला मूळ बांधणीतली चूक आहे. पीळ पडलेली नेक, फिरूनही काहीच न करणारा ट्रस रॉड, किंवा इतका चुकीच्या जागी बसवलेला ब्रिज, की सॅडल शेवटपर्यंत सरकवूनही बाराव्या फ्रेटवरचा सूर मोकळ्या तारेच्या सुराशी जुळत नाही. अशी गिटार परत करावी, त्यावर दुसरा विचार नको. खरा वाद मधल्या गटाचा आहे: नट खोल न कोरलेला, फ्रेट एका पातळीत नसलेले, त्यांची टोकं न घासलेली. दुकानदार म्हणतो हे किरकोळ आहे, गिऱ्हाईकाला वाटतं आपल्यालाच वाजवता येत नाही.

नट म्हणजे नेकच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे बसवलेली हाडाची किंवा प्लॅस्टिकची छोटी पट्टी. तिच्यात सहा खाचा, प्रत्येकीतून एक तार. गिटारवर इतकी लहान आणि इतकी दुर्लक्षित दुसरी वस्तू नाही, आणि नव्या गिटारच्या निम्म्या कटकटी तिथूनच सुरू होतात असं मी म्हणेन. खाच उथळ राहिली की तार पहिल्या फ्रेटच्या वर गरजेपेक्षा उंच तरंगते. फेंडरच्या नेहमीच्या ६४८ मिलिमीटर मापाच्या गिटारवर नटपासून पहिला फ्रेट जेमतेम ३६ मिलिमीटरवर असतो. एवढ्याशा अंतरात उंच तार खाली दाबायची म्हणजे जोर तर लागतोच, शिवाय तार ताणली जाते आणि सूर चढतो. न गुंडाळलेल्या तारांमध्ये सर्वात जाड असलेली तिसरी तार सर्वात जास्त चढते. म्हणून मोकळ्या तारा अगदी सुरात असतात, बाराव्या फ्रेटवरही सूर बरोबर येतो, आणि पहिल्या तीन फ्रेटांतले सगळे कॉर्ड मात्र बेसूर लागतात. नवशिक्या नेमका तिथेच वाजवत असतो. ट्यूनरवर ही खूण एका मिनिटात तपासता येते, आणि ती सापडली की ब्रिजकडचे स्क्रू कितीही फिरवले तरी उपयोग नाही. उपाय नटपाशीच आहे. दुसरी चाचणी त्याहून सोपी: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर ती किती उंच राहते ते पाहा. केसभर फट असावी. फट ठळक दिसत असेल तर खाच उथळ आहे.

हे काम कारखाने का सोडतात याचं उत्तर हिशेबात आहे. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार झणझणते, गिऱ्हाईकाला ते दुकानातच ऐकू येतं आणि गिटार परत येते. उथळ राहिली तर काहीच ऐकू येत नाही. नुसती बोटं दुखतात, आणि शिकणारा दोष स्वतःच्या बोटांना देतो. म्हणजे उथळ खाच विकणाऱ्याच्या सोयीची आणि घेणाऱ्याच्या नुकसानीची. योग्य खोली गाठायला प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते, दर दोन-चार घासांनंतर तार परत बसवून पाहावं लागतं, खाचेला खुंट्यांच्या दिशेने उतार द्यावा लागतो. खाच अरुंद राहिली तर तार तिच्यात अडकते. खुंटी पिळताना ‘टिंग’ असा आवाज होऊन सूर एकदम उडी मारतो, आणि तार ओढून वाजवली की परत जागेवर येत नाही. असे कितीतरी वादक खुंट्या बदलतात, महागड्या खुंट्या बसवतात, आणि तार तरीही उतरते, कारण अडकण नटमध्येच असते. स्लाइड वाजवणाऱ्याला उंच नटच हवा असतो, हे खरं. पण मूठभरांच्या सोयीसाठी सगळ्यांची बोटं सोलायचं कारण नाही.

फ्रेटांचा हिशेब तर इतका सुंदर आहे की तो सविस्तर सांगायलाच हवा. फ्रेट बसवताना उरलेल्या तारेच्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागतात आणि तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट येतो. आता समजा, बाराव्या फ्रेटवर तारेची उंची १.६ मिलिमीटर ठेवली. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, म्हणून ब्रिजपाशी ती फ्रेटांच्या पातळीपासून साधारण ३.२ मिलिमीटर उंच. नेक सरळ धरली तर कोणताही फ्रेट दाबा, त्याच्या पुढच्या फ्रेटवर तारेची उंची या ३.२ चा सुमारे अठरावा हिस्सा येते, म्हणजे ०.१८ मिलिमीटर. पहिला दाबा नाहीतर बारावा, आकडा तोच. झेरॉक्सच्या दोन कागदांइतकी ही जागा, आणि तिच्यात तारेला थरथरायचं असतं. एखादा फ्रेट फक्त ०.२ मिलिमीटर वर राहिला, तर अलीकडचा फ्रेट दाबल्यावर तार सरळ त्याच्यावरच टेकते आणि सूर बदलतो किंवा बसतो. बावीस फ्रेटांपैकी एक असा निघाला, की दुकानदार सगळ्या तारा उंच करून देतो. झणझण थांबते, पण एका फ्रेटची शिक्षा उरलेल्या एकवीस फ्रेटांना आणि वाजवणाऱ्याच्या बोटांना होते. खरा उपाय तो एक फ्रेट नीट बसवणं किंवा सगळे घासून एका पातळीत आणणं हा आहे. जुन्या एटीएम कार्डाची सरळ कड लागोपाठच्या तीन फ्रेटांवर ठेवा. ती डुलली तर मधला फ्रेट वर आहे.

तानपुऱ्याशी ओळख असलेल्याला हे नवं वाटू नये. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर जवारी लावतात तेव्हा घोडीचा पृष्ठभाग असाच अंदाजाने, कानाने घासत जातात. तिथे तार पृष्ठभागाला हलकेच चाटावी हा हेतू असतो, गिटारवर ती कुठेही चाटू नये हा. हेतू उलटा, पण कानस, कान आणि संयम तोच. जवारी न लावलेला तानपुरा पूर्ण झालाय असं मिरजेत कुणी म्हणणार नाही. गिटारच्या बाबतीत मात्र तेवढंच अपुरं वाद्य खोक्यात भरून पूर्ण म्हणून विकलं जातं, आणि आपण ते चालवून घेतो. ओघात एक खुलासा: तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार कानात बसलेल्या माणसाला निर्दोष गिटारचा मेजर कॉर्डही किंचित चढा लागतो. गिटारचे फ्रेट समान अंतराच्या सप्तकावर बसवलेले असतात आणि त्यातला गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. त्याला उपाय नाही आणि तो बांधणीचा दोषही नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: स्वस्त वस्तूकडून अपेक्षा कसली, नाव आणि पैसा मोजला की दर्जा आपोआप येतो. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. १९६५ साली सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. १९७१ मध्ये स्ट्रॅटोकास्टरची नेक चारऐवजी तीन स्क्रूंनी बसवायला सुरुवात झाली आणि सत्तरच्या दशकातल्या गिटारांबद्दल तक्रार राहिली की नेक बाजूला हलते. दोष तीन स्क्रूंच्या कल्पनेला दिला गेला. पण फेंडरचा संस्थापक लिओ फेंडर पुढे म्युझिक मॅन कंपनीत होता, तेव्हा तिथल्या १९७६च्या स्टिंगरे बासवरही नेक तीन स्क्रूंचीच होती, आणि ती बास आजही नावाजली जाते. फरक बॉडीतला नेकचा खळगा किती घट्ट कोरला यात होता. नाव तेच, लाकूड तेच, किंमतही कमी नाही. हातकाम सैल झालं आणि दर्जा घसरला. याची दुसरी बाजू १९८२ नंतर दिसली. फेंडर जपानच्या गिटार मात्सुमोतोच्या फुजिजेन कारखान्यात बनू लागल्या आणि कमी किमतीत इतक्या नेटक्या निघाल्या, की आज त्या शोधून विकत घेतल्या जातात. १९८५ मध्ये बिल शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी फेंडर सीबीएसकडून सोडवून घेतली.

लाकडाचं माहात्म्यही जरा तपासून घ्यावं. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने वडिलांबरोबर १९६३ पासून घरी बनवलेल्या ‘रेड स्पेशल’ची नेक एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतून काढलेली आहे. लाकडाला किडीने पाडलेली भोकं त्यांनी काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. कुठल्याही कारखान्याने ते लाकूड नाकारलं असतं, पण क्वीनच्या कितीतरी ध्वनिमुद्रणांत हीच गिटार वाजते. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की रेड स्पेशलला झिरो फ्रेट आहे: नटच्या लगेच पुढे आणखी एक फ्रेट, तार त्याच्यावर टेकते, आणि नटच्या खोलीचा प्रश्नच संपतो. बापलेकांनी लाकडापेक्षा तार कुठे टेकते याचा विचार जास्त केला होता.

दुसरा आक्षेप यंत्रांचा. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी बॉडी आणि नेक पूर्वी कधी नव्हत्या इतक्या अचूक कापल्या जातात, हे मान्य, आणि म्हणूनच आजची स्वस्त गिटार जुन्या स्वस्त गिटारपेक्षा कितीतरी चांगली असते. बर्लिनच्या गेर्ड आंकेचं प्लेक यंत्र तर तारांच्या ताणाखाली फ्रेटांची उंची मोजून ते घासूनही देतं, आणि गिब्सनसारखे कारखाने ते वापरतात. पण ते महाग आहे, स्वस्त गिटारच्या वाट्याला क्वचितच येतं, आणि मोजमाप झाल्यानंतर गिटार प्रवासाला निघते. लाकूड आडव्या दिशेने आक्रसतं आणि फुगतं, धातूचा फ्रेट तसाच राहतो. कोरड्या हवेत फिंगरबोर्ड अरुंद झाला की फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोचतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत जुलैत ती ८० च्या वर असते आणि नागपुरात एप्रिल-मेच्या दुपारी हवा ठणठणीत कोरडी. म्हणून मुंबईत पावसाळ्यात घेतलेली गिटार विदर्भात उन्हाळ्यात बोचू लागली, तर सगळा दोष कारखान्याचा नव्हे, आणि ट्रस रॉड ऋतूनुसार थोडा फिरवणं ही देखभाल आहे. उलट, अशा हवामानात विकणाऱ्याने शेवटचा हात इथे, विक्रीच्या गावी फिरवायला हवा, असाच याचा अर्थ होतो.

बाकीचं थोडक्यात. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या ५० हर्ट्झ विजेचा गुणगुणाट पकडतातच. तारांना हात लावल्यावर तो कमी झाला तर जोडणी ठीक आहे, वाढला तर तपासून घ्या, आणि झटका बसला तर गिटार ताबडतोब बाजूला ठेवून ॲम्प्लिफायर आणि घरचं अर्थिंग दाखवा. खरखरणारा नॉब आणि सुटलेलं सोल्डर तासाभराचं काम आहे. नेकच्या सांध्याजवळची बारीक चीर बहुधा रंगापुरतीच असते.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: सेटअपचे पैसे गिऱ्हाईकाने वेगळे का मोजावेत? तारांची उंची आपल्या पसंतीची करून घ्यायची तर जरूर मोजावेत, तो कारागिराचा वेळ आहे. पण नटची खोली आणि फ्रेटांची पातळी ही पसंतीची बाब नाही, ती विकलेल्या वाद्याचाच भाग आहे आणि किमतीत यायला हवी. दोष दिसला तर परतीची मुदत संपेपर्यंत स्वतः कानस लावू नका. फोटो आणि छोटा व्हिडिओ काढून दुकानदाराला लेखी कळवा. ऑनलाइन घेतली असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दुकानातून घेत असाल तर पैसे देण्याआधी तिसऱ्या फ्रेटच्या अलीकडे तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट दाखवा आणि नट कोरून मिळेल का ते विचारा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान गाठा.